रुळाची ऐरण

गोळी उसळली, पडली, पुन्हा उसळली आणि कडेवरून घरंगळून कोळशाच्या भुकटीत दिसेनाशी झाली. द्राक्षाएवढी पोलादी गोळी, शेजारच्या ओतारीच्या ट्रॅक्टरच्या मोडक्या बेअरिंगमधली. सकाळपासून नातेलानं ती वीतभर उंचीवरून किती वेळा सोडली असेल याची मोजदाद नव्हती. ती गुडघ्यांवर बसली, भुकटी चाचपली, गोळी सापडली, ती तिनं पुढ्यातल्या फडक्याला पुसली. पाणी नीट चढलेल्या पोलादावर गोळी टाकली तर ती जिथून सोडली तिथवर परत येऊ बघते, तळहाताला शिवते म्हणाना. मऊ लोखंडावर मात्र दमल्या माणसासारखी बसून राहते. मधोमध ती परत येत होती. उजवीकडेही येत होती. डाव्या कडेला, नखाएवढ्या एका जागेत, ती येत होती खरी, पण... कमी. की हात हलला? की काल रात्रीपासून पोटात पाण्याखेरीज काही नाही म्हणून डोळ्यांनाच...

पुन्हा एकदा. नको. एकदाच, शेवटचं.

"संत गिओर्गी, एवढी एक वर येऊ दे," ती पुटपुटली आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या गुरुवारी, ज्या दिवशी प्रभू शिष्यांचे पाय धुवायला वाकला त्या दिवशी, संताला गोळीच्या उसळीसाठी वेठीला धरायचं म्हणजे...

गोळी तिनं खिशात टाकली.

रूळ उभा होता. ओकाच्या ओंडक्यात खोबण कोरून त्यात उभा ठोकलेला हातभर लांबीचा तुकडा, आणि वरचं तोंड कानशीनं, दगडानं, मग तेलातल्या बारीक वाळूनं घासून घासून असं केलेलं, की त्यात वाकून बघितलं तर नाकाच्या जागी एक पांढुरका डाग दिसावा. ऐरणीसारखं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. ना शिंग, ना रुंद पाठ. ओतारीनं तो तुकडा ओढत आणला त्या दिवशी — चहाच्या जुन्या कारखान्याकडं जाणारा रेल्वेचा फाटा उखडला तेव्हा त्यानं कुंपणाला म्हणून ठेवलेला — तो हसून हसून खोकला होता.

"ही ऐरण? नातेला, हा तर गाडी चुकलेला रूळ आहे. फलाटावर उभा राहून वाट बघतोय."

"आडवा ठेवला तर कंबर बारीक आहे त्याची, घाव वाकण्यात जातो. उभा केला की सगळं वजन घावाखाली येतं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी."

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सेवेरिआननी, असं कधी शिकवलं नव्हतं. अठरा वर्षं त्यांच्यासमोर उभं राहून घण मारताना ते तिच्या मनगटांना आपोआप कळलं होतं. पण ओतारीला "बाबांनी" म्हटलं की तो गप्प बसायचा, आणि तिलाही बरं वाटायचं, जणू त्यांना सगळं ठाऊक आहे, जणू तेच खिडकीतून सांगतायत आणि ती ऐकतेय... खोटं एकदा बोलायला लागलं की ते असं गोड लागतं.

भट्टीचं दार लावून घेऊन ती अंगणात आली. नोव्हेंबरापासून हे दार सताड उघडलेलं नव्हतं. जाताना अंगापुरतं उघडायचं, आत शिरायचं, लावून घ्यायचं. कारण समोरच, अंगणाच्या पलीकडे, सेवेरिआनची खिडकी होती, खिडकीशी खाट होती, आणि खाटेवरून त्यांना भट्टीचं दार दिसत होतं. दारापलीकडे आपली ऐरण आहे असं ते समजत होते. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीवरून रिओनी नदीच्या काठाकाठानं आणलेली, जिच्या कडेला त्यांचं बोट चेपलं होतं, जिच्यावर नातेलाच्या लग्नात त्यांनी वाइनचा पहिला पेला ओतला होता, ती.

ती नाही. ती मी दिली.

कुणीतरी दिली असं नाही म्हणता येत. मीच.

ऑक्टोबरात त्यांची उजवी बाजू गेली. शहरातल्या डॉक्टरनं तिला व्हरांड्यात बोलावून, चष्मा पुसत, हळू आवाजात सांगितलं, "तयारी ठेवा." तयारी म्हणजे गावात एकच, मयताच्या जेवणाची. शंभर-सव्वाशे माणसं जेवायला बसणार, पावसाचे दिवस, आणि एवढं मोठं छप्पर गावात भट्टीचंच. शेजारच्या मारोनं बाकं दिली, ओतारीनं फळ्या. बायकांनी मोठी पातेली घासली. नातेलानं क्रियेच्या दिवशी मधात कालवायचे गहू भिजत घातले. आणि पुरुष भट्टी रिकामी करत असताना रस्त्यावरून कर्णा लावलेला ट्रक आला — "जुनं लोखंड, भंगार, जुनं लोखंड" — आणि कुणीतरी म्हणालं, ही ऐरण कुठं हलवायची आता, चौघं लागतात, पुन्हा आणणार कोण, गोचा तर ट्रक चालवत परमुलुखात. त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं फोनवर नवऱ्याला विचारलं, गोचा म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." आणि तिनं मान हलवली. एवढंच, मान. ऐरण ट्रकमध्ये पडली तेव्हा जो आवाज झाला तो तिला अजून ऐकू येतो, स्वैपाक करताना, प्रार्थनेत, "हे प्रभू, दया कर" आणि पुढच्या "दया कर" यांच्या मधल्या फटीत.

टेबलं मांडून झाली. आणि सेवेरिआन मेले नाहीत.

नोव्हेंबरात ते घरी आले, अर्धे. भिजून मोड आलेले गहू तिनं कोंबड्यांना घातले.

त्या दिवसापासून तिनं व्रत धरलं: रोज दुपारपर्यंत नुसतं पाणी, आणि दिवा लावल्यावर चाळीस वेळा वाकून नमस्कार. पाद्रीबाबांनी विचारलं होतं, "कशासाठी, मुली?" ती म्हणाली, "सासऱ्यांसाठी." हेही खोटं नव्हतं... पण व्रत हे देवाशी बोलणं असतं की देवाचं तोंड बंद ठेवणं? ज्या माणसाची आपण जिवंतपणीच मयताची जेवणावळ मांडली त्याला ते कळू नये, एवढंच तर ती रोज मागत होती. बरे होऊ देत, असं नव्हे. कळू नये, असं.

आज संध्याकाळी कळेल. संध्याकाळी देवळात शुभवर्तमानाच्या बारा वाचनांची घंटा व्हायच्या आधी लोहारानं रिकाम्या ऐरणीवर तीन ठोके मारायचे. डोंगराच्या पोटात जुन्या कथेतला, देवाला आव्हान देणारा वीर अमिरानी साखळीनं बांधलेला आहे. त्याचा कुत्रा वर्षभर ती साखळी चाटत बसतो, चाटून चाटून केसाएवढी करतो, आणि आज ती तुटायच्या बेतात असते तेव्हा गावोगावच्या ऐरणी वाजतात नि साखळी पुन्हा मनगटाएवढी होते. पाद्रीबाबा यावर काही बोलत नाहीत. पण ठोके ऐकू आल्याशिवाय घंटेचा दोरही ओढू देत नाहीत. आणि घंटा झाली की मग हातोडा नाही. उद्या लाल शुक्रवार, प्रभूला खिळे ठोकले तो. उद्या गावात कुणी भिंतीत साधी चूकसुद्धा ठोकणार नाही.

सेवेरिआननी पासष्ट वर्षांत एकदाही हा गुरुवार चुकवला नव्हता.

"नातेला! अगं ए नातेला!"

मारो. कुंपणापाशी उभी राहून तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले होते, जणू नदीपलीकडे हाका मारतेय.

"तुझ्याकडं लाल मुळं आहेत का गं जास्तीची? उद्या अंडी रंगवायची. आमच्या सूनबाई बाजारातनं पुडी घेऊन आल्यात. पुडीचा रंग! कोंबडीला दाखवला तर म्हणेल हे माझं नव्हेच."

"देते. हळू बोल, बाबा पडलेत."

"पडलेत कसले, टक्क बघतायत! काय हो सेवेरिआनदादा, बरं आहे ना? चेहरा सुधारलाय हो. नातेला, तुझे हात बघ गं, बाईचे आहेत की कोळसेवाल्याचे? उपास, नमस्कार, नि वर हे. अशानं देव तुला लवकर बोलवून घेईल बघ, वर भट्टी पेटवायला माणूस नसेल त्याच्याकडं."

नातेलानं मुळांची जुडी कुंपणावरून दिली. जा आता. जा.

"आणि ते बाक—"

"मारो."

"अगं, तेव्हा नेलेली माझी बाकं. सहा नेलीत, पाच आली. मी म्हटलं, जाऊ दे, पण आता ईस्टरला व्याही येणार—"

"बघते. असेल कुठंतरी. आणून देते."

"कुठंतरी म्हणजे भट्टीतच ना, तिथंच तर मांडली होती सगळी—"

"दुपारी आणून देते म्हटलं ना!"

आवाज चढला. तिचा आवाज कधी चढत नसे; मारो तोंड उघडं ठेवून बघत राहिली, मग, "बरं बाई, बरं, उपासानं डोकं फिरतं माणसाचं," असं म्हणत मुळं छातीशी धरून निघून गेली. नातेला पाठमोरी उभी राहिली. खिडकीकडं वळायचं होतं. सेवेरिआनच्या चेहऱ्याचा एक अर्धा काहीच सांगत नसे, त्याचं भय नव्हतं. भय दुसऱ्या अर्ध्याचं होतं. ऐकलं असेल? बाकं, भट्टीत, मांडली... तीन शब्द. तीन शब्दांवरून माणूस आपलं मरण ओळखेल का? लोखंडाच्या रंगावरून ते किती तापलंय हे ते ओळखायचे.

ती वळली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते. झोपलेल्यासारखे. किंवा मुद्दाम मिटलेल्यासारखे.

तिनं पाणी तापत ठेवलं. पाय ती रोजच धुवायची त्यांचे, पण आज तसराळं चांगलं घेतलं, पाण्यात अक्रोडाची दोन पानं टाकली, कोपर बुडवून बघितलं. खिडकीच्या पट्टीवर ताटलीत गव्हाचे कोंब बोटभर वाढले होते, ईस्टरच्या अंड्यांखाली ठेवायचे. त्या कोंबांकडं ती बघायचं टाळत असे, कारण गहू क्रियेसाठी भिजवले होते त्याच पोत्यातले होते.

उजवा पाय गार, जड, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. डावा पाय पाण्यात गेला आणि बोटं हलली.

"कोमट," सेवेरिआन म्हणाले. एकेक शब्द ते तळातून ओढून काढत, विहिरीतून बादली काढावी तसे. "छान."

आणि 'कोमट' या शब्दानं तिच्या कानांत पुन्हा तो आवाज झाला... टिक्. परवाचा. परवा भट्टीत रुळाचं तोंड चेरीसारखं लाल झालं, ओतारीनं आणि तिनं दोन सांडशांनी तो उचलला, अर्ध्या पिंपात उलटा बुडवला, वाफेचा ढग छपराला लागला, आणि त्या सगळ्या खदखदीच्या आत कुठंतरी, अगदी बारीक, सुईचं टोक मोडावं तसा... ओतारीला ऐकू आलाच नाही. "झकास!" म्हणाला तो.

पाण्याची थंडी आधी मोडायची. हे मात्र बाबांनी खरोखर शिकवलं होतं, शंभरदा. वसंतातलं ओढ्याचं पाणी म्हणजे वितळलेला बर्फ; त्यात आधी एखादं तापलेलं भंगार बुडवायचं, पाण्याला जरा माणसात आणायचं, मग कामाचं लोखंड. तिला ते ठाऊक होतं. विसरली नव्हती. पण तिनं त्या पिंपात जानेवारीतलं पवित्र पाणी ओतलं होतं, पाद्रीबाबांनी क्रूस बुडवून दिलेलं, तसबिरीमागच्या थंड कोनाड्यात जपलेलं, अख्खी बाटली. आणि त्यात आधी कुठला तरी गंजका बिजागर खुपसायचा, पाण्याला नुसतं गरम करायला, हे तिच्या हातून होईना. अशा पाण्याला पहिला स्पर्श ऐरणीचाच व्हावा असं तिला वाटलं. चांगलंच वाटलं होतं. देवाचं पाणी आपलं सांभाळून घेईल असं... म्हणजे भक्तीच झाली ती? की कंटाळा भक्तीचं पांघरूण घेऊन आला होता? की तिला मनातून हेच हवं होतं, चीर जावी, सगळं उघडं पडावं, आणि कुणी विचारलं तर म्हणता यावं की मी तर पवित्र पाणी...

"गोचा?" सेवेरिआननी विचारलं.

"नाही येत, बाबा. तुर्कस्तानात आहे, वाटेत. रविवारी फोन करेल म्हणाला."

त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. मग त्यातलं एक तिच्याकडं रोखलं.

"तू."

"बाईमाणसानं कधी मारलेत का ते ठोके? गाव काय म्हणेल?"

"घण..." बादली वर यायला वेळ लागला. "घण... कोण मारत होतं? मांजर?"

चेहऱ्याचा हलणारा अर्धा हसला. तीही हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं, कारण हात ओले होते.

"साखळी," ते म्हणाले. "काढू नको. पेलागियाचं... डोकं दुखतं."

पेलागिया, तिच्या सासूबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना घणाचा खणखणाट सोसत नसे, म्हणून सेवेरिआननी ऐरणीच्या कमरेला जाड साखळीचे तीन वेढे दिले होते. मग ऐरण खणखणायची नाही, ठप्प ठप्प वाजायची, कुणी दाराशी येऊन हळू हाक मारावी तशी. साखळी! नातेलाचा हात पाण्यातच थांबला. साखळी ट्रकमध्ये गेली नव्हती. बाकं मांडताना कुणीतरी ती खुंटीला अडकवली होती. साखळी आहे.

"नाही काढत, बाबा," ती म्हणाली, आणि तिला वाटलं, देवानं ऐकलं... आणि पुढच्याच श्वासाला वाटलं, देव नसेल तो.

दुपारी तिनं फळ्यांमागून मारोचा बाक शोधून कुंपणाला लावून ठेवला. मग रॉकेल घेतलं. चीर असली तर कळायला साधा उपाय असतो: रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची पूड भुरभुरायची, आणि थांबायचं. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं, पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तिनं चोळलं, पुसलं, पूड टाकली. थांबली. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली, कालच्या शेकोटीच्या राखेचा वास वाऱ्यावर आला. रात्री गावातली पोरं चेटकिणींना पळवायला तिच्यावरून उड्या मारत होती. ती पांढऱ्या पुडीकडं बघत होती. कडेला, डावीकडं, काहीतरी ओलं... सावली असेल. एक क्षण अजून. अजून एक क्षण थांबलं असतं तर कळलं असतं, आणि म्हणूनच तिचा हात पुढं झाला आणि तळव्यानं सगळी पूड एका झटक्यात पुसून टाकली.

तळवा पांढरा झाला. तिनं तो पाहिला नाही.

मग तिनं खुंटीवरची साखळी काढली आणि रुळाला कमरेपासून वर वेढे दिले, एक, दोन, तीन, टोक खिळ्याला अडकवलं. आणि बारकी हातोडी हळूच वर टेकवून पाहिली. ठप्प. तेच. जवळजवळ तेच. भिंतीपलीकडून, अंगणापलीकडून, अर्ध्या कानानं ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला — पण त्यांचे कान अर्धे नव्हते ना. त्यांचं सगळं अर्धं झालं होतं, कान सोडून.

ऊन कड्यावर गेलं तेव्हा ओतारी आला. टोपी हातात घेऊन, दाढी करून, देवळात जायचा सदरा घालून.

"चल, आटप. घंटेवाला जिना चढायला लागलाय. त्याचे गुडघे बघता अजून थोडा वेळ आहे आपल्याला."

"ओतारीदादा, वाजेल ना?"

"रूळ आहे बाई तो. त्याच्यावरून चाळीस वर्षं मालगाड्या गेल्या, तुझ्या हातोड्याला भिणार आहे का?" मग हळू आवाजात, "साखळी घातलीस? डोकं आहे तुला."

तिनं क्रूसाची खूण केली. मोठा हातोडा उचलला. अठरा वर्षं ती घण मारत आली होती पण नेहमी दुसऱ्याच्या इशाऱ्यावर; बाबा छोट्या हातोडीनं जागा दाखवायचे, तिचा घण तिथंच पडायचा. आज जागा दाखवायला कुणी नव्हतं. डावी कड सोडून, मधोमध. डावी कड सोडून...

ठप्प.

आवाज दारातून, फटींतून, अंगणात गेला. आणि खिडकीतून, खोल विहिरीतून बादली वर यावी तसा शब्द आला:

"ए...क."

गोचा लहान होता तेव्हा ते त्याला ठोके मोजायला लावत, तिनं ऐकलं होतं. आता ते स्वतः मोजत होते. आवाजात सुख होतं. खरंच सुख होतं.

ओतारीनं तिच्या दंडाला कोपर लावलं. डोळे मिचकावले. "फसला म्हातारा," तो कुजबुजला.

फसला.

सहा महिने याच शब्दासाठी तर ती उपाशी राहिली होती. रोजचे चाळीस नमस्कार याच्यासाठी. आता तो मिळाला होता, हातात होता, आणि तो इतका लहान, इतका चिकट... माणूस खाटेवर पडून "एक" म्हणतो, आपल्या बापाची ऐरण वाजली म्हणून. आणि मी हातोडा धरून उभी, त्याला दुसऱ्यांदा पुरते आहे. पहिल्यांदा निदान डॉक्टरनं सांगितलं होतं.

तिनं हातोडा खाली ठेवला आणि खिळ्यावरचं साखळीचं टोक सोडवलं.

"अगं, काय करतेस? नातेला! वेळ नाही आता!"

साखळीचे वेढे एकेक करून सुटले, दगडी फरशीवर कोसळले, केवढा तरी आवाज झाला. आजच्या दिवशी, नेमकं आज, साखळी सुटल्याचा आवाज साऱ्या अंगणानं ऐकला असेल. डोंगरानंही. तरी ती दाराशी गेली, अडसर काढला आणि दोन्ही फळ्या बाहेर ढकलल्या, पार भिंतीला टेकेपर्यंत. तिरपं ऊन आत आलं, ओंडक्यावर पडलं, उभ्या रुळावर पडलं. अंगणापलीकडे खिडकी होती, गव्हाचे कोंब होते, त्यांच्यामागे उशीवर टेकवलेलं डोकं होतं.

परत येऊन तिनं हातोडा उचलला. डावी कड सोडायची नाही असं काही तिनं ठरवलं नाही. फक्त कुठं मारायचं हे बघितलं नाही.

रूळ खणाणला. लांब, उंच, परका आवाज, कुठल्या तरी स्टेशनातला, या अंगणात कधीच न ऐकलेला; आणि त्या आवाजाच्या शेवटी, अगदी शेवटी, बारीकशी घरघर होती, किंवा तो तिच्या कानांतला आवाज होता, किंवा कुंपणावरच्या मधमाश्या. तो वाजत राहिला. ओतारीनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. आवाज विरला.

खिडकीतून "दोन" आलं नाही.

ती थांबली. ज्याच्या पायाची बोटं सकाळी कोमट पाण्यात हलली होती तो माणूस तिकडून बघत होता. इतक्या लांबून चेहऱ्याचा कुठला अर्धा काय म्हणतोय ते दिसत नव्हतं. बादली विहिरीत खाली गेली होती आणि वर यायला वेळ लागत होता, किंवा दोर तुटला होता, किंवा त्यांना आता वर काढायचं काही उरलंच नव्हतं. काहीही असेल. भीती गेली नव्हती. मात्र हे सहा महिने ती पाठीमागून चालत आली होती, वळून बघितलं की दाराआड होणारी, प्रार्थनेच्या फटीत बसणारी. आता ती समोर होती, खिडकीएवढी, आणि तिच्याकडं बघता येत होतं. नातेला बघत राहिली. तळव्यावरची खडूची पूड घामानं ओली होऊन हातोड्याच्या दांड्याला लागली होती. देवळाच्या मनोऱ्यात घंटेवाला वर पोचला असेल, दोर हातात घेऊन, कान इकडं लावून उभा असेल, त्यालाही थांबावंच लागणार होतं.

या वेळी देवाकडं तिनं मागितलं काहीच नाही. तिसरा ठोका अजून तिच्याकडेच होता.